हिरवा तळहात

"समुद्रानं दिलेलं खिशात नाही घालायचं पोरी, डब्यात घालायचं," असं व्हेल्टामावशीनं सांगितलं होतं, आणि एविया हसली होती. हसण्यासारखंच होतं ते. त्या सकाळी न्याहारीच्या टेबलापाशी मावशीनं इतक्या सूचना दिल्या होत्या, की त्यांत ही एक कधी येऊन गेली ते कळलंसुद्धा नाही. उंबरठ्यावरून हात मिळवू नका, भांडण होतं. घरात शिट्टी मारू नका. मुलीला टेबलाच्या कोपऱ्याशी बसवू नका, तिचं लग्न रखडेल. गार दगडावर कुणी बसू नका, बायकांनी तर मुळीच नाही. आणि त्याच सुरात, काळ्या पावावर लोणी फासता फासता, समुद्रानं दिलेलं डब्यात. तिनं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबाही पुढे केला होता, झाकणावर घोडागाडीचं चित्र असलेला. "बरं बरं, मावशी," म्हणून एवियानं तो घेतला आणि बाहेर पडताना खिडकीत ठेवून दिला. मुद्दाम असं नाही. हातात मोजे होते, एल्झाची टोपी होती, थर्मास होता, आणि दारात गातिस गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत तिच्याकडे बघत होता. बघू या, आता ही काय करते, अशा नजरेनं.

आता लसणाचा वास आला आणि ते सगळं परत आलं. रिगामधल्या या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गातिस काळ्या पावाच्या पट्ट्या तेलात तळत होता. संध्याकाळी हॉकीचा सामना होता, आणि सामना म्हटला की तळलेला पाव आणि त्यावर चोळलेला लसूण हे आलंच. एविया आतल्या खोलीत एल्झाच्या पाठीवरचे कांजिण्यांचे फोड हिरव्या औषधानं टिपत होती. कापूस गुंडाळलेली काडी बाटलीत बुडवायची, एक ठिपका, मग दुसरा. एल्झा पोटावर पालथी पडून मोजत होती आणि अकरानंतर पुन्हा सातवर येत होती. वास दाराखालून आत आला आणि एवियाची काडी हवेतच थांबली. "आई, टिप ना," एल्झा म्हणाली. पण एविया उठून बोळात गेली होती. खुंट्यांवरच्या जॅकेटांचे खिसे ती एकेक करून चाचपत होती. आपलं, गातिसचं, एल्झाचं नवं. बसचं तिकीट. चुरगळलेला रुमाल. एक ओलसर चेस्टनट, गेल्या शरदातला. बाकी काही नाही. तरी तिनं नव्या जॅकेटचा खिसा उलटा करून अस्तर नाकाला लावलं. "काय शोधतेस?" गातिसनं स्वयंपाकघरातून विचारलं. "काही नाही." "एविन्या, पाव आहे तो. पाव आणि लसूण. मी तळतोय. मी. तुझा नवरा." त्याच्या आवाजात चेष्टा होती, प्रेमही होतं बहुधा, पण तिला त्या क्षणी तो तवा उचलून खिडकीबाहेर फेकून द्यावा असं वाटलं.

जपून, हा तिचा शब्द. एल्झा जन्मली तेव्हापासून तो तिच्या तोंडात बसला होता. जपून उतर, जपून खा, जपून पळ. दवाखान्यातल्या बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, थोडं बाहेर पडा, हवापालट करा. मार्चअखेरीच्या या सहलीची कल्पना गातिसची. समुद्रकाठची घरं तेव्हा स्वस्त असतात, माणूस नसतं, आणि मुख्य म्हणजे त्याला ते सगळे जुने किल्ले निवांत बघायचे होते. लिएपाया शहराच्या रस्त्यावर गाडीत त्यानं अट घातली. तीन दिवस 'जपून' म्हणायचं नाही. म्हटलंस की रात्रीची भांडी तुझी. "आणि मी पकडणार!" मागच्या सीटवरून एल्झा किंचाळली. एवियानं मान्य केलं. तिलाच कंटाळा आला होता स्वतःचा. खिडकीबाहेर नांगरलेल्या काळ्या शेतांतून क्रौंच पक्षी दोन-दोन करून उभे होते, लांब पायांवर, नुकतेच परतलेले, आणि तिला वाटलं, ह्यांना कोण सांगतं जपून. गातिस पुढे बघत इतिहास सांगत होता. झारच्या काळात बांधलेले किल्ले, ते पाडायला निघालेले लोक, न पडलेल्या भिंती, लढाई संपल्यावर जहाजं भरभरून समुद्रात ओतलेला उरलेला दारूगोळा. हे शेवटचंसुद्धा त्यानं सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं. दोघांनाही माहीत होतं ते. पण ते इतिहासात होतं, आणि इतिहास गातिसच्या ताब्यात होता.

गाव म्हणजे वाळूच्या टेकडीमागे एका ओळीत उभी लाकडी घरं. एका घराच्या धुराड्यातून धूर येत होता, ते मावशीचं. बाकीची शहरातल्या लोकांची, जूनपर्यंत फळ्या ठोकून बंद. व्हेल्टामावशी तिथेच जन्मलेली. नवरा गेलेला, मुलगा आयर्लंडमध्ये. वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. पडवीत प्लास्टिकची मोठी पांढरी बादली होती, बर्चच्या झाडांचा रस भरलेली. खोडाला नळी लावून थेंब थेंब जमवलेला, पाण्यासारखा, जिभेवर किंचित गोड. "प्या, प्या," ती एल्झाला म्हणाली, "हे पिऊन मी सत्तर वर्षं उभी आहे. तुझ्या बापाला दे जरा, फिका दिसतोय." गातिस हसला. मग तोच विचारत बसला तिला, जुन्या दिवसांबद्दल, कारण पुस्तकात नसलेलं काही मिळालं तर त्याला हवं होतं. सोव्हिएत काळात हा सगळा किनारा सरहद्दीचा होता, हे तर त्याला माहीतच होतं. मावशीनं सांगितलं ते वेगळं. रोज संध्याकाळी ट्रॅक्टर यायचा आणि पुळणीवरची वाळू दंताळ्यानं विंचरून जायचा. सकाळी शिपाई बघायचे, पाऊल उमटलंय का. "आमचा समुद्र आणि आम्हाला रात्री बंदी. वादळ झालं की सगळे तृणमणी, ते मधाच्या रंगाचे अंबरचे खडे, वाहून यायचे आणि आम्ही टेकडीवर उभे, कधी उजाडतं आणि कधी सोडतात म्हणून. मग पळत सुटायचो. आई ओरडायची मागून, खिशात नको, डब्यात! का ते तिलाही माहीत नव्हतं. तिची आई ओरडायची म्हणून ती ओरडायची." हे तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणजे सूचना दोनदा मिळाली होती. एविया आता हे पुन्हा पुन्हा मोजते, एल्झासारखी, आणि तिथेच येऊन अडकते.

आणि शनिवारी ते किनाऱ्यावर गेले तर तिथे सीलचं पिल्लू. पांढुरकं, ओलं, पोत्यासारखं पडलेलं, डोळे एवढाले काळे. ते मान वळवून त्यांच्याकडे बघत होतं आणि मधूनच आवाज काढत होतं, अगदी तान्ह्या मुलासारखा. एल्झा धावत सुटली. एविया तिच्या मागे, आणि तोंडात शब्द आलेला, दातांपर्यंत आलेला, तो तिनं गिळला आणि नुसती टोपी धरून तिला मागे ओढलं. "नाही म्हणाले हं मी," ती धापा टाकत गातिसला म्हणाली. "ओढलंस मात्र," तो म्हणाला, "अर्धी भांडी." टेकडीच्या पायथ्याशी फलक होता. पिल्लाजवळ जाऊ नका, हात लावू नका, त्याची आई मासे मारायला गेलेली असू शकते, या क्रमांकावर कळवा. गातिसनं लगेच फोन लावला. पलीकडून एका मुलीनं सगळं नीट विचारून घेतलं, किती मोठं आहे, रक्त दिसतंय का, डोळे ओले आहेत का. दिवसभरात माणूस येऊन बघून जाईल म्हणाली. आभारही मानले. मग ते तिघं लांब उभे राहिले. वारा कानांत शिरत होता. एविया पाण्याकडे बघत होती, त्या पिल्लाची आई कुठे डोकं वर काढते का. येत कशी नाही. एवढा वेळ. तिची सगळी नजर, सगळी पाच वर्षांची राखण, त्या राखाडी पाण्यावर लागली होती. मागे एल्झा उकिडवी बसून शेवाळाच्या ओल्या गुंत्यात बोटं घालत होती. "आई, तृणमणी! आई, अजून एक! हा बघ, मोठ्ठा!" एविया अर्धी वळली. चिमुकल्या तळहातावर मधासारखे पिवळे, ओले, तीन-चार खडे. "छान आहेत गं," ती म्हणाली. "ठेव." कुठे, ते नाही म्हणाली. एल्झानं खिशात ठेवले आणि मोठ्या माणसासारखी चेन ओढून घेतली.

किती बरं वाटत होतं तिला, परतताना. हे तिला कुणाला सांगता येत नाही. हे ऐकून घेणारंच कुणी नाही. गाडीत गातिस म्हणाला, "बघ, जमतं की नाही?" आणि तिला खरंच वाटलं, जमतं. घरात ऊब होती. विटांची भट्टी भिंतभर तापलेली. मावशी कोबी शिजवत होती. एल्झाचं जॅकेट ओलं म्हणून एवियानंच ते खुर्चीच्या पाठीवर टाकून खुर्ची भट्टीकडे सरकवली. पोर बाहुली घेऊन बाकावर बसली. थोड्या वेळानं लसणाचा वास आला. एवियाला आला तो आधी, नेहमीप्रमाणे, तिला सगळं आधी येतं. वास, आवाज, ताप. तिनं मान वर केली. कोबीत लसूण? मावशीनं तर आत्ता जिरं टाकलं. विचारावं का, असं मनात आलं आणि त्याच्याबरोबरच गातिसचा चेहरा आला, ती वर गेलेली भुवई. एविन्या, स्वयंपाकघरात लसणाचा वास येतो, त्यात काय. ती गप्प बसली. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ती ठरवून गप्प बसली. आणि मग खुर्चीच्या पाठीवरून एक पांढरी धुराची दोरी सरळ वर निघाली, आणि खिशाच्या जागी पिवळा प्रकाश पेटला, अगदी आवाज न करता.

मावशी एवियाच्या आधी पोचली. सत्तर वर्षांची बाई कशी पोचली कोण जाणे. तिनं जॅकेट उचललं, खिसा मुठीत आवळून धरला, म्हणजे ठिणगी पोरीकडे उडू नये, आणि तशीच पडवीत पळाली आणि हात-जॅकेट सगळं बर्चच्या रसाच्या बादलीत कोपरापर्यंत घातलं. चर्र झालं. पांढरा धूर छतापर्यंत गेला. एल्झा रडत नव्हती, नुसती बघत होती. "गेला माझा रस सगळा," मावशी पहिलं वाक्य म्हणाली. मग तिनं हात बाहेर काढला, बघायला, आणि तळहाताच्या मध्यातून पुन्हा धूर येऊ लागला. त्या हातातून. माणसाच्या हातातून. तिनं तो परत बुडवला. "बघा, आता भट्टीची गरजच नाही मला," ती म्हणाली आणि हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. गातिस फोन घेऊन उभा होता. "मावशी, मी गाडी मागवतो, दवाखान्याची." "कशाला? विस्तव आहे, विझला." "विझला नाही, फॉस्फरस आहे तो, समुद्रात ओतलेल्या दारूगोळ्यातला, तृणमण्यासारखाच दिसतो, सुकला की पुन्हा..." "तू ठेव तो फोन. कोंबड्यांना दाणे कोण घालणार, तू? शहरातला फिका माणूस तू, कोंबडीच तुला चोचीनं हाकलेल." तिनं डाव्या हातानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. आणि गातिसनं तो घेऊ दिला. हे एविया विसरू शकत नाही. घेऊ दिला. ती म्हणाली, चला मावशी, मी येते बरोबर, आत्ता जाऊ, तासाभरात परत. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. शेवटी गातिसनं तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तिला नकोय ना? मोठी बाई आहे ती. तू सगळ्या जगाची आई होऊ नकोस." आणि एविया थांबली. कारण ज्या दिवशी तिनं भ्यायला हवं होतं त्या दिवशी ती भ्याली नाही, मग आता कुठल्या तोंडानं भिणार. तिची पत संपली होती. स्वतःपाशीसुद्धा.

रविवारी निघताना मावशीचा तळहात हिरवा होता. हिरवं औषध, घरोघरी असतं तसं, पण टिपलेलं नाही, रंगवलेलं. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत गडद हिरवा, त्याखाली काय आहे ते कुणाला दिसू नये असा. तो तिनं ॲप्रनच्या खिशात घातला. "सोमवारी दाखवीन नर्सला," ती म्हणाली. "नक्की?" "नक्की म्हणजे काय, नक्की. फिरतं दुकान येतं सोमवारी, त्यांच्या गाडीतून जाईन." एविया पायरीवर होती, मावशी दारात. एवियानं हात पुढे केला. निरोपाला नाही. तो हात बाहेर यावा म्हणून. तिचा तळवा आपल्या हातात घेता आला असता तर वासानं, उष्णतेनं कळलं असतं, तेवढं तिला नक्की कळतं. मावशीनं हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोळ्यांत अशी काही चमक आली, की वाटावं, तिला सगळं समजलंय. "उंबरठ्यावरून नाही पोरी," ती म्हणाली, "भांडण होतं." आणि दार लोटलं. वाळूत गाडी वळवताना एल्झानं विचारलं, "सीलची आई आली असेल?" "आली असेल," गातिस म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्या सोमवारी एवियानं फोन केला. "हो हो, ठीक आहे, दाखवलं," मावशी म्हणाली, फार पटकन. गुरुवारी केला तेव्हा मागे कोंबड्यांचा आवाज होता आणि मावशी म्हणाली, "मुली, तुला दुसरं काम नाही का? ती भांडी घास, हरलीस ना?" तिला भांड्यांचं कुणी सांगितलं? एल्झानं, अर्थात. पण आवाज जड होता, ताप असल्यासारखा, आणि जिऱ्याचंच पुन्हा पुन्हा बोलत होती, जिरं संपलं, जिरं आणायला हवं. त्यानंतर फोन वाजतो आणि उचलला जात नाही. एल्झाला कांजिण्या आल्या त्या दिवशीही वाजला, काल वाजला, आज सकाळी दोनदा वाजला. तिथल्या कचेरीत फोन केला तर बाईंनी विचारलं, तुम्ही नातेवाईक का? नाही. मग काय? पाहुणे होतो, हात भाजला होता. किती दिवसांपूर्वी? सांगितलं. "बाई, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, फोन कुठेतरी ठेवतात," पलीकडची बाई म्हणाली, प्रेमळपणे, आणि तो प्रेमळपणा एवियाला कानफटात बसल्यासारखा लागला. पोलिसांकडे लावला, त्यांनी नोंद घेतो म्हटलं. एवियाला तो सीलचा क्रमांक आठवला. त्या मुलीचा आवाज, रक्त दिसतंय का, डोळे ओले आहेत का. तिला खरोखर वाटलं, त्या मुलीला फोन करावा आणि सांगावं, किनाऱ्याजवळ एक आहे, मोठी आहे, एकटी आहे, उजवा हात बघा. गातिस म्हणतो, शनिवारी जाऊ ना, एल्झाचा ताप उतरू दे, सध्या कामावर रजा नाही मिळत. म्हणतो, मुलगा आहे की आयर्लंडला, त्याला माहीत असेल. त्या मुलाचा क्रमांक कुणाकडे आहे? म्हणतो, तू पुन्हा तशीच व्हायला लागलीस. आता तो तळलेला पाव ताटलीत घेऊन दारात उभा आहे, तेलकट बोटांनी, आणि तिच्याकडे बघतो आहे, जॅकेटाचं अस्तर नाकाला लावून उभ्या असलेल्या बायकोकडे. "खाणार?" तो विचारतो. आतून एल्झा ओरडते, "आई, पाठ अर्धीच झालीये!"

ती परत जाऊन बिछान्याच्या कडेला बसते. काडी बाटलीत बुडवते. हिरवा ठिपका पाठीवर बसतो आणि त्याखालचा फोड दिसेनासा होतो, इतका पटकन की बघणाऱ्याला वाटावं, बरा झाला. एल्झा मोजते आहे. पोरीचं अंग गरम आहे आणि तिला सोडून कुठे जाता येत नाही, आणि लिएपायाची बस सकाळी सुटते, आणि दोन्ही खरं आहे. बाहेर सामना सुरू झाला. गातिसनं आवाज मोठा केला, मग तिची आठवण होऊन कमी केला. आणि एविया कुणाला तरी सांगते आहे, मनातल्या मनात, ओठ हलवत, कुणालाही, जो कुणी शनिवारच्या आत त्या बाजूला जाणार असेल त्याला. तुम्ही जाणार आहात का? लिएपायाच्या दक्षिणेला, वाळूच्या टेकडीमागे, एका ओळीत घरं आहेत, सगळ्यांना फळ्या ठोकलेल्या. ज्याला नाहीत ते तिचं. धूर येतोय का, ते आधी लांबूनच बघा. नसला तरी जा. दार जोरात वाजवा, कोंबड्यांच्या गोंगाटात तिला ऐकू येत नाही. ती दारात येईल, काही नाही झालं म्हणेल, तुमची चेष्टा करेल, तुम्ही फिके दिसता म्हणेल, हसा, पण परत फिरू नका. पायरीवरून तिच्यापुढे हात करू नका, ती देणार नाही. अहो, तेवढं लक्षात ठेवा. आधी उंबरठ्याच्या आत जा. आत पाय ठेवा, आणि मग उजवा हात मागा.